रेतफुलीचे दोन ढीग

"...म्हणजे अजून किती वर्षं मी नुसतं पाला वाटत आणि उकळत बसायचं?"

तुळसाआक्का टोपलीतला पाला झटकत राहिली.

नेत्राला वनस्पतिशास्त्राची पदवी मिळून तीन वर्षं झाली होती. तिन्ही वर्षं ती समुद्रकाठच्या या झोपडीत आक्काकडून झाडपाला शिकत होती. खुडायचं तिनं, वाटायचं तिनं, पण रोग्याच्या हातात औषध द्यायचं ते आक्कानंच. आज नेत्रानं तोंड सोडलं होतं. म्हातारी माणसं मरेपर्यंत किल्ल्या सोडत नाहीत, इथवर तिची मजल गेली होती.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग टोपली पुढे सरकवली.

टोपलीत सकाळी पुळणीवरून आणलेली रेतफुली होती. थोरली आणि धाकटी अशा तिच्या दोन जाती वाळूत एकमेकींत गुंतून वाढतात. फुलं दोघींची पिवळी, पानं दोघींची बोटभर. थोरलीच्या काढ्यानं पोटदुखी थांबते. धाकटीचा काढा पोटात गेला, तर माणूस चार दिवस अंथरुणाला खिळतो.

"निवड," आक्का म्हणाली. "जुलेखाबी पोट धरून बाहेर बसलीय."

नेत्राला हेच हवं होतं. थोरलीच्या देठाला बारीक लव असते, धाकटीचा देठ गुळगुळीत. तिची बोटं भराभर चालली.

शेवटी एक डहाळी उरली. देठावर लव होती... की नव्हती? वाळूनं घासली गेली असेल. नेत्रानं ती उजेडात धरली, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. आक्का आपल्याकडेच बघते आहे हे कळताच तिनं डहाळी थोरलीच्या ढिगात टाकली आणि वरून हात फिरवला.

"झालं."

"दोनच ढीग?"

"जाती दोनच आहेत, आक्का."

"बरं." आक्कानं भांडं तिच्यापुढे ठेवलं. "आजचा काढा तू कर. दे पण तूच."

नेत्रानं थोरलीची मूठ भरली आणि भांड्यावर नेली. तेवढ्यात जुलेखाबीनं बाहेरून विचारलं, काढा फार कडू असतो का... आणि कडू असला तरी आपण सगळा पिऊ, असंही सांगून टाकलं.

हात तिथेच थांबला.

नेत्रानं मूठ सोडली. सगळा ढीग चटईवर पसरला आणि एकेक देठ पुन्हा तपासला. पण इतक्या हाताळणीनं आता निम्म्या देठांची लव गेली होती. त्यातली ती एक कोणती, ते काही केल्या सांगता येईना.

आक्का बसून होती.

नेत्रानं अख्खा ढीग उचलून चुलीत घातला. बाहेर जाऊन जुलेखाबीला सांगितलं, निवडताना माझी चूक झाली, आज औषध नाही, उद्या मी स्वतः घेऊन येते. जुलेखाबी खाडी ओलांडून आली होती. तिनं नेत्राला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कॉलेजात एवढी वर्सं काय केलंस गो, बाय?"

नेत्रानं तिला हात देऊन उठवलं.

ती आत आली तेव्हा आक्का चूल सारखी करत होती.

"यापुढे मी औषध द्यायचा हक्क मागणार नाही," नेत्रा म्हणाली.

आक्कानं रिकामी टोपली उचलून तिच्या हातात दिली.

"शंकेचा तिसरा ढीग ठेव, आणि उद्यापासून औषध तू देत जा," आक्का म्हणाली.