वासराचं दावं

एकदा एक दोर वळणारा म्हातारा ओढ्याकाठी राहत असे. घायपाताची पानं पाण्यात भिजत घालायची, चांगली कुजू द्यायची, मग दगडावर ठेचून, धुऊन त्यांतले पांढरे तंतू काढायचे आणि त्यांची दावी, कासरे वळायचे, हा त्याचा उद्योग. माणूस प्रभूचा, थोडं बोलणारा. त्याच्यापाशी थोमा नावाचा एक शिष्य आला, तोही पन्नाशीला टेकलेला.

थोमा जिभेचा फार तिखट. बायको लवकर वारली. एकुलती लेक सलोमी, तिला त्यानंच न्हाऊमाखू घालून वाढवलं. पण तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, तेव्हा देवळाच्या आवारात सगळ्या मंडळीदेखत तो म्हणाला, "आजपासून तू मला मेलीस." लेक डोंगरापलीकडे नांदायला गेली, ती तीन वर्षं फिरकली नाही. रोज संध्याकाळी थोमा त्या डोंगराकडे पाहत बसे आणि प्रार्थना करी, "प्रभो, मला सौम्य कर, म्हणजे मला तिच्या दारात उभं राहता येईल." आणि झालं काय, तर पहिल्या वर्षी बैल मेला, दुसऱ्या वर्षी पाय मोडला, लंगड्याला शेतावर कोण ठेवणार म्हणून चाकरीही गेली. तेव्हा तो दोर वळायला आला.

"बाबा, मी सौम्यता मागितली," एकदा तो चिडून म्हणाला, "आणि वरून नुसता मार येतोय. त्याला ऐकू जात नाही की काय?"

"जात असेल," म्हातारा म्हणाला. "तू पानं कधी काढणार पाण्यातून?"

"काढली की. आठ दिवस झाले होते."

"थंडीत पंधरा लागतात रे."

"घाण वास सुटला होता. किती दिवस पाहुणचार करायचा त्यांचा?"

म्हातारा नुसता हसला. थोमानं ती अर्धीकच्ची पानं जोर लावून ठेचली. रसानं हात खाजून लाल झाले, तरी तंतू काढले, आणि त्यांचं एक दावं वळलं. शेजारणीच्या गाईला चार दिवसांचं वासरू होतं, त्याच्यासाठी. दावं दिसायला झकास, पीळदार झालं होतं.

म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, आपल्याच गळ्यात बांधलं आणि दुसरं टोक थोमापुढे धरलं. "ओढ."

थोमाला काही उमगेना. त्यानं जरासं ओढलं.

"वासरू आईकडे असं बेतानं धावतं होय? नीट ओढ."

त्यानं ओढलं. गाठ सोडली तेव्हा त्या सुरकुतलेल्या मानेवर लाल वळ उठला होता, आणि एका जागी रक्ताचा थेंब. थोमाचा चेहरा उतरला.

"दावं आधी वळणाऱ्याच्या गळ्यात, मग जनावराच्या. आमच्यात पहिल्यापासून हीच रीत," म्हातारा मान चोळत म्हणाला. "आता ऐक. पान कुजतं असं आपण म्हणतो. पण कुजतो तो गर, आणि खाजरा रस त्याच्याबरोबर वाहून जातो. तंतूला काही होत नाही. लवकर काढलंस तर गर चिकटून राहतो, आणि वाळला की तोच टोचतो. पुरत्या भिजलेल्या पानांचं दावं मऊ असतं, तरी बैलाला तुटत नाही. तू ज्याला मार म्हणतोस ना, मला ते पाणी वाटतं. मीही भिजलोय त्यात. दोन लेकरं पुरली मी या हातांनी." तो थोडा थांबला. "आणि थोमा, तू रोज डोंगराकडे बघतोस. पोरीच्या मानेवर केवढा वळ आहे, ते कधी मनात आलं का रे?"

थोमानं ते दावं उलगडून टाकलं आणि नवी पानं ओढ्यात बुडवून वर धोंडा ठेवला.

पुढच्या रविवारी उपासना आटोपली आणि तो लंगडत डोंगर चढून पलीकडे उतरला. सलोमी उंबऱ्यात धान्य पाखडत होती. बापाला पाहताच तिचं सूप थांबलं.

"कशाला आलात, अप्पा? मेलेल्या माणसाच्या दारात?"

जुना तिखट शब्द थोमाच्या ओठापर्यंत आला. त्यानं तो गिळला.

"माझ्या बोलण्यानं तुला किती लागलं, ते ऐकायला आलो. सांगावंसं वाटलं तर सांग. नाहीतर घटकाभर बसतो आणि जातो."

ती सूप तिथंच टाकून आत गेली. तिनं दार लावलं नाही, आणि "आत या" असंही म्हटलं नाही. थोमा पायरीवर बसला. थोड्या वेळानं आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. तो अर्धवट उठला. पूर्वीचा असता तर "गप्प बस" म्हणून ओरडला असता. तो पुन्हा खाली बसला. उन्हं डोंगराआड गेली, तरी तो तिचं रडणं ऐकत बसला होता.