शेल्याची चुंबळ

एकदा एक पंतप्रधान रुसून आपल्या म्हाताऱ्या गुरुजींकडे गेला. त्याच्या देशात लोक राष्ट्राध्यक्ष निवडत आणि राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमत. नेमणुकीच्या दिवशी ते त्याच्या खांद्यावर रेशमी शेला घालत. तो मनातून उतरला की तोच शेला काढून घेत. रुसवा कितीही असो, शेला मात्र हा खांद्यावर मिरवतच आला होता.

गुरुजी विहिरीवर पाणी शेंदत होते.

"गुरुजी, उद्या राजीनामा देतोय," तो म्हणाला. "गावोगावी शाळा बांधू, असा शब्द राष्ट्राध्यक्षांनी दिला. टाळ्या त्यांना मिळाल्या. बांधकाम रखडलं तेव्हा शिव्या मात्र मला. लोकांनी मला निवडलेलं नाही, आणि शब्दही माझा नाही. मग मी आहे तरी कोण?"

गुरुजींनी भरलेली घागर उचलून आपल्या टक्कल पडलेल्या डोक्यावर ठेवली आणि ते कळवळले. शिष्य धावला, तशी त्यांनी घागर खाली उतरवली, त्याच्या खांद्यावरचा शेला ओढून घेतला, पीळ घालून त्याचे वेटोळे केले आणि ती चुंबळ डोक्यावर ठेवून म्हणाले, "हं, आता चढव."

शिष्याला ते फार लागले. राष्ट्राने दिलेला मान, आणि त्याची चुंबळ! तरी त्याने मुकाट्याने घागर चढवली. गुरुजी सावकाश चालत घरी पोहोचले. शेला भिजून पार चुरगळला होता.

ओसरीवर टेकून ते म्हणाले, "बाळ, चुंबळीनं घागरीचं वजन काही कमी केलं नाही. घागरीचं बूड तेवढं माझ्या डोक्यात रुतू दिलं नाही. त्यासाठी ती स्वतः दबली. पाणी आलं की सगळे घागरीचं नाव घेतात. पण चुंबळ काय असते, ते माझ्या डोक्याला विचार."

"आणि उद्या तिला काढून टाकलं तर?"

"टाकतीलच. चुंबळ डोक्याला बांधून कुणी फिरतं का?"

"म्हणजे राजीनामा कधीच द्यायचा नाही?"

"घागरीत घाण पाणी असेल तर खुशाल सरकून जा, कलंडू दे ती. शाळा नकोशा आहेत का तुला?"

"नाही, गुरुजी. शाळा हव्यातच."

"मग तुझा राग कशावर आहे रे?"

शिष्याला गुरुजींच्या डोक्यावर उमटलेला लाल वळ दिसला. त्याने त्यावर हलकेच हात ठेवला. "दुखतंय?"

"पहिल्यांदा दुखलं. नंतर नाही."

मग तो चुरगळलेला शेला पुन्हा खांद्यावर टाकून उठला आणि पाया पडला. गाडीत बसताना चालकाने विचारले, "घरी न्यायचं ना, साहेब?"

"आधी राष्ट्राध्यक्षांकडे. यंदा निम्म्याच शाळा होतील, हे त्यांना तोंडावर सांगायचंय. आणि मग चौकात. तेच लोकांनाही सांगायचंय."