एक चूक कर

"आणि उरलेले दोन कुठे गेले?"

हातातला कागद खाली ठेवत केळुसकर बाईंनी विचारलं.

कागदावर केतकी बोरसेचे गुण होते. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

केतकीला वाटलं, बाई थट्टा करताहेत. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांची ती ऑनलाइन कलचाचणी ती चार महिने रोज सोडवत होती. त्या संकेतस्थळावर सराव करणाऱ्या हजारो मुलांत तिचा नंबर तिसरा होता. तिचे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. त्यांनी हा कागद आगारातल्या एकूण एक माणसाला दाखवला होता.

आणि बाई विचारत होत्या दोन गुणांचं.

"ते... निसटले," ती म्हणाली.

"कुठे?"



केळुसकर बाईंनी सव्वीस वर्षं मुलांना विमान चालवायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही त्या तिथेच राहिल्या, गावाबाहेरच्या धावपट्टीच्या कुंपणाला लागून. गाव त्यांना विमानवाली बाई म्हणायचं. बोलणं जेवढ्यास तेवढं.

खरी परीक्षा याच चाचणीची, घरूनच द्यायची; ती आठ दिवसांवर आली होती. एका विमान कंपनीला शिकाऊ वैमानिक हवे होते. जागा बारा. यंदा हुकलं की वर्षभर पुन्हा बसता येणार नव्हतं. शेवटची एखादी युक्ती विचारायला आले, असं केतकीने सांगितलं. खरं तर तिला युक्ती नको होती, शाबासकी हवी होती.

बाईंनी तिला लॅपटॉप उघडायला सांगितला.

चाचणी आठ मिनिटांची. पडद्यावर एक ठिपका सैरावैरा पळतो, त्याला जॉयस्टिकने वर्तुळात धरून ठेवायचं. त्याच वेळी कानात आकडे ऐकू येतात. विषम आकडा आला की बटण दाबायचं. मध्येच एखादं गणित उगवतं, तेही सोडवायचं.

केतकीने हेडफोन चढवला. हात शिवशिवत होते. आता बघाच, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आज एक चूक कर," बाई म्हणाल्या.

"म्हणजे... मुद्दाम?"

"मुद्दाम. पहिल्याच मिनिटाला."

यात काय अवघड? केतकी मनात हसली. चाचणी सुरू झाली. कानात 'चार' ऐकू आलं आणि तिने खुशाल बटण दाबलं. पडद्यावर लाल फुली चमकली.

फुली लगेच गेलीही. पण केतकीचा जीव तिच्यातच अडकला. आता गुण किती कापले जातील, ते भरून कसे काढायचे... तेवढ्यात 'नऊ' येऊन गेलं. ठिपका वर्तुळाबाहेर पळाला. त्याला आणायला गेली तर गणित हुकलं. हात घामाने निसरडा झाला.

आठ मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. सत्तावन्न. चुका अठरा.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

"तुम्हीच सांगितलंत चूक करायला."

"मी एकच सांगितली होती."

...

बाई पुढे काही बोलतील म्हणून केतकी बसून राहिली. बाई उठून ओटीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. झारी हातात घेता घेता एवढंच म्हणाल्या, की रोज असंच करत जा.

दोन दिवस केतकीने लॅपटॉपला हात लावला नाही. म्हातारीला माझं कौतुक बघवत नाही, असं तिने आईला ऐकवलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी राहवेना. दार लावून बसली, एक चूक केली. सहासष्ट. चौथ्या दिवशी चौऱ्याहत्तर. मग तिला चेवच चढला. चूक करायची आणि ती केली नाही असं समजून पुढचा आकडा ऐकायचा! परीक्षेच्या आदल्या दिवशी, चूक करूनही, एक्याण्णव. ती खोलीतल्या खोलीत दोन गिरक्या घेऊन आली.

परीक्षेच्या सकाळी वडिलांनी रजा टाकली आणि ते खोलीबाहेर खुर्ची घेऊन बसले, कुणी कडी वाजवू नये म्हणून. समोर कॅमेरा सुरू. चाचणी सुरू.

तिसऱ्या मिनिटाला वीज गेली.

लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण इंटरनेट तुटलं. ते मोबाईलवर जोडलं जाईपर्यंत पडदा थिजला. सहा सेकंद... सात... आठ. चित्र हललं तेव्हा ठिपका पार कोपऱ्यात जाऊन बसला होता, वर्तुळ लालभडक झालं होतं, आणि एक गणित न वाचताच विझलं होतं.



कानात आवाज आला. 'सात.'

तिने बटण दाबलं.

दुपारी निकालाची ईमेल आली. गुण त्र्याऐंशी. आणि खाली एक ओळ : पुढच्या फेरीसाठी निवड.

वडिलांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. चौथ्यांदा ते वाचत होते तेव्हा केतकी स्कूटीवर बसून निघालीसुद्धा होती. धावपट्टीपर्यंतचे अकरा किलोमीटर कधी संपले, तिला कळलं नाही.

बाई कुंपणापाशी उभ्या होत्या. केतकीने वाकून नमस्कार केला आणि धापा टाकत एका दमात सगळं सांगितलं. वीज, कोपऱ्यात बसलेला ठिपका, सात, त्र्याऐंशी, निवड. आनंदाने तिचा आवाज चिरकत होता. पण सांगून झाल्यावर ती थोडी घुटमळली. वीज गेली नसती तर शंभर पडले असते, असंही म्हणाली.

बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर आभाळात होती.

पूर्वेकडून एक छोटं विमान उतरायला येत होतं. शिकणारं कुणीतरी होतं आत. पंख जरा डुगडुगत होते, नाक धावपट्टीच्या कडेला सरकत होतं. ते खाली आलं... आणखी खाली... चाकं धावपट्टीपासून हातभर उरली. केतकीने श्वास रोखला.

आणि एकदम इंजिन गरजलं. विमान नाक उचलून सरळ वर निघालं, दोघींच्या डोक्यावरून. बाईंचा पदर फडफडला, कुंपणाची तार थरथरली. केतकीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"इतकं जवळ येऊन तो परत वर का गेला, बाई?"

बाईंनी लहान होत गेलेल्या विमानाकडे बोट दाखवलं; ते पुन्हा धावपट्टीकडे यायला वळत होतं.

"त्याला उतरायचंय म्हणून."