रिबकाबाईचा सत्कार

विश्वास ठेवून दाखव बरं! यातल्या एका शब्दावर जरी ठेवलास ना, तर माझ्या तोंडात उरलेत ते दोन दात तुझ्या हातावर काढून देईन. पण तू ठेवणार नाहीस. शिकलेला आहेस.

एकदा एका खेड्यातल्या चर्चमध्ये एक म्हातारे पाळकसाहेब होते आणि त्यांच्या हाताखाली एक शिष्य. शिष्य नवाकोरा. शहरातून धर्मशिक्षण घेऊन आलेला, पँटची इस्त्री मोडू नये म्हणून उभ्यानंच प्रार्थना करणारा. पण मनाचा चांगला, हां. एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. रिबकाबाई म्हणून एक सत्तरीची विधवा होती. दर शनिवारी येऊन चर्चचं कुलूप उघडायची, सतरंज्या बाहेर काढून झटकायची, बाजाची पेटी पुसायची, फुलदाणीचं पाणी बदलायची, आणि रविवारी सगळ्यांच्या मागं दाराशी बसायची. एकोणीस वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

शिष्याला भरून आलं. "साहेब, हिचे आभार आजवर कुणीच कसे मानले नाहीत? मी मानतो."

साहेब शेंगा सोलत होते. "मान," म्हणाले.

मग काय! हंगामाच्या सणाला, नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानतात त्या रविवारी, त्यानं रिबकाबाईला पुढं बोलावलं, खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि 'आयुष्यभर केलेल्या निःस्वार्थ सेवेबद्दल' पंधरा मिनिटं बोलला. टाळ्या झाल्या. बाई घड्याळ मांडीवर घेऊन बसली.

सोमवारी सकाळी चर्चची किल्ली फडक्यात बांधून शिष्याच्या उंबऱ्यावर! शनिवारी बाई आली नाही. रविवारी नाही. तिची शेजारीण सांगत आली, "धाकटे साहेब, ती भिंतीकडं तोंड करून पडलीय. भाकरीला हात लावत नाही. म्हणते, मला काढलं."

"काढलं? अहो, मी तर सत्कार केला!"

"अरे माझ्या राजा! शाल आणि घड्याळ माणसाला कधी देतात? रिटायर झाला की! तिच्या घरधन्यांना कारखान्यातून निरोप दिला तेव्हा असंच घड्याळ दिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात गेले ते. आता ही म्हणते, माझापण नंबर लागला."

म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर? शिष्य धावत साहेबांकडं गेला. "साहेब, मी दुसरा सत्कार करतो. मोठा! त्यात सांगतो की पहिला निरोपाचा नव्हता."

"म्हणजे दोन घड्याळं," साहेब म्हणाले, आणि चपला घातल्या. "चल. आणि तिथं तोंड उघडू नको."

रिबकाबाई खाटेवर पडून होती. साहेबांनी ना विचारपूस केली, ना डोक्यावर हात ठेवला. दारातूनच ओरडले, "काय हो रिबकाबाई, हे शोभतं का? पोरांनी सतरंज्या न झटकताच अंथरल्या. मी 'प्रिय बंधूंनो' म्हटलं की अर्धी मंडळी शिंकतीय! फुलदाणीला वास मारतोय. आणि पेटीची खोळ कुठं ठेवलीत? उंदरानं भाता कुरतडला तर गाणी काय शिट्टीवर म्हणायची?"

शिष्यानं डोळेच मिटले. आता ही इथंच जीव सोडते!

बाई हळूच कुशीवर वळली. "डाव्या कोनाड्यात."

"पाहिलं. नाही."

"नाही पाहिलंत! डोळे आहेत का बटणं?" उठून बसली. "आणि न झटकता म्हणजे? तशाच, भुईवर?"

"तशाच."

"आई गं! एक रविवार नाही आले तर ही तऱ्हा!" पदर खोचला, चपला शोधल्या आणि शिष्यावर डाफरली, "बघतोस काय? किल्ली दे माझी." त्यानं खिशातून किल्ली काढून दिली आणि बाई निघालीसुद्धा, पुढं पुढं.

मागून चालताना शिष्य कुजबुजला, "साहेब, खोळ तर सकाळी पेटीवरच होती."

"होती की. शिंकतात तेवढं मात्र खरं."

"मी इतकं गोड बोललो तर ती पडली, तुम्ही इतकं कडू बोललात तर उठली. असं कसं?"

साहेब थांबले. "तुझं मन चुकलं नाही, पोरा. पण सत्कार पाहुण्याचा होतो. तू तिला घरातून उचलून पाहुण्याच्या खुर्चीत बसवलंस. पाहुणा चहा पितो आणि जातो. घरच्या माणसाला आपण हाक मारतो, मीठ कुठंय, विळी कुठंय, तुझ्यावाचून अडलंय. आभार मान की, जरूर मान. पण तिच्या शेजारी उभा राहून मान, समोर उभा राहून नको."

चर्चच्या अंगणात बाईनं भली लांब सतरंजी ओढून काढली होती. तिचं एक टोक ती खांबाला बांधत होती. शिष्य बघत राहिला. अशी सतरंजी झटकायला दोन माणसं लागतात. एकोणीस वर्षं दुसरा माणूस म्हणून तिला तो खांबच होता. पंधरा मिनिटांच्या भाषणात हे कुठं आलं नव्हतं, कारण त्याला ते माहीतच नव्हतं.

तो पुढं झाला. गाठ सोडली, टोक हातात धरलं.

"मनगटातून झटक! शेळीच्या शेपटासारखं काय हलवतोस!" बाई खेकसली. धुळीचा लोट उठला. शिष्य तीनदा शिंकला आणि बाई खदखदा हसली. त्याच्या छातीवरचा धोंडा तिथं उतरला बघ.

"आजी," तो हळूच म्हणाला, "फार उपकार आहेत तुमचे."

"हं," बाई म्हणाली. "पुढची घे. अजून सहा आहेत."

तुझ्याकडंही कुणी असेल खांबाला टोक बांधून एकटीच झटकणारी. मग माझ्यापुढं मान काय डोलावतोस? ऊठ, जा आता!