कालिंदीबाईंचा सोनचाफा

“...मग माती कुणी बदलली का, माई? की विहिरीच्या पाण्यातच काही आहे?”

तानूमाई तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होत्या. खुडत राहिल्या.

“मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकतेय, सर.”

“मग बोला ना! बारा दिवस झाले. झाड माझ्या डोळ्यांदेखत चाललंय. चूक माझी नाही, हे मी छातीठोक सांगतो. म्हणजे चूक जागेची आहे.”

माईंनी मंजिऱ्या ओंजळीत घेतल्या आणि समाधीच्या पायरीवर ठेवल्या.

“असेल,” त्या म्हणाल्या.

देवकुळे सरांना हे उत्तर बोचलं. भांडायला आलेल्या माणसाला समोरून ‘असेल’ मिळालं, की त्याचं भांडणच अंगावर येतं.

सरांनी एकतीस वर्षं कृषी महाविद्यालयात बागायती शिकवली होती. त्यांचे विद्यार्थी चार जिल्ह्यांत रोपवाटिका चालवत होते. ‘माझ्या हातचं झाड आजवर मेलेलं नाही,’ असं सर म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

खडकवेलच्या मठात माई एकट्या राहायच्या. वय शहात्तर. एक समाधी, एक विहीर आणि दीड एकराची बाग. चाळीस वर्षं त्यांनी तेवढंच सांभाळलं होतं.

दर गुरुवारी सरांच्या पत्नी, कालिंदीबाई, मठात यायच्या. त्या माईंजवळ बसायच्या. सर कुंपणाशी उभे राहून दोन झाडांमधलं अंतर कसं चुकलंय ते मोजायचे.

आठ वर्षांपूर्वी माईंनी कालिंदीबाईंना बोटभर उंचीचं एक रोप दिलं होतं. सोनचाफ्याचं.

“कलम नाही, बियांचं आहे,” माई म्हणाल्या होत्या. “फार उशिरा फुलेल. दम धरवेल का?”

“धरेन,” कालिंदीबाई म्हणाल्या होत्या.

आठ वर्षं त्यांनी दम धरला. भाड्याच्या घराच्या अंगणात रोपाचं झाड झालं, कौलांच्या वर गेलं. फुललं नाही.

मार्गशीर्षात कालिंदीबाई तीन दिवसांच्या तापाने गेल्या.

फाल्गुनात झाडाला पहिल्या कळ्या आल्या.

आणि त्याच फाल्गुनात घरमालकाने सांगितलं, घर पाडायचंय. चैत्र लागायच्या आत जागा मोकळी हवी.

सर माईंकडे आले होते. “झाडाला जागा द्या,” म्हणाले होते. माईंनी विहिरीजवळची जागा दाखवली. चार गडी आणि एक ट्रॅक्टर घेऊन सरांनी झाड आणलं. मुळांचा मातीसकट गोळा काढला, गोणपाटात घट्ट बांधला. खड्डा, शेणखत, आळं, सगळं मापात. वर सावलीला कापड ताणलं.

त्या दिवशी माई एवढंच बोलल्या होत्या : “सर, कळ्या आहेत.”

“माहीत आहे. मी बघतो,” सर म्हणाले होते.

आज बारावा दिवस.

पानं माना टाकून लोंबत होती. कडा करपल्या होत्या. फक्त कळ्या तेवढ्या ताठ होत्या. झाड दुसरं काहीच करत नव्हतं, कळ्या धरून उभं होतं.

सर दिवसातून तीनदा यायचे. नखाने साल खरवडून आत हिरवं आहे का ते पाहायचे. आळ्यात बोट घालायचे. काल तर त्यांनी एका बाजूची माती उकरून मुळंही पाहिली होती. खोडावर खरवडल्याच्या खुणाच खुणा झाल्या होत्या.

आताही त्यांचा अंगठा सालीकडे गेला.

“हात मागे घ्या,” माई म्हणाल्या.

“का?”

“त्याला झोप लागू देत नाही तुम्ही.”

सर वळले. चेहरा लाल झाला होता.

“माई, मला झाडांबद्दल तुम्ही शिकवू नका. तुमच्याबद्दल आदर आहे. कालिंदीला तुम्ही... तिच्यासाठी तुम्ही मोठ्या होतात. पण हे माझं शास्त्र आहे. तुमच्या जमिनीत चुनखडी आहे. मी झाड घेऊन जातो. नदीपलीकडे पोयट्याची जमीन आहे, तिथे लावतो. आज, आत्ता.”



विहिरीच्या काठावर कुदळ होती. सरांनी ती उचलली.

झाडाशी येईपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही... माई त्यांच्या आधी तिथे पोहोचल्या होत्या. त्यांनी लुगडं सावरलं आणि आळ्यात, भिजल्या चिखलात, खोडाला पाठ लावून मांडी घातली.

“खणा,” त्या म्हणाल्या.

“माई, उठा.”

“खणा ना. नदीपलीकडे न्यायचंय ना?”

“उठा म्हणतो. लागेल तुम्हाला.”

“लागू दे.”

ऊन तापलं होतं. सरांच्या हातातली कुदळ खांद्यापर्यंत गेली होती आणि तिथेच अडली होती. 

माई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. त्या समोर विहिरीकडे पाहत होत्या.

“सर.”

“काय?”

“वर्गात मुलांना काय सांगायचात?”

“कशाबद्दल?”

“मोठं झाड हलवायचं असलं, तर. मी शाळेत गेलेली नाही. मला एकदा सांगा.”

“ही वेळ आहे का, माई?”

“सांगा.”

सरांनी कुदळ खांद्यावर टेकवली. मग पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाले, “झाड काढताना निम्म्याहून जास्त मुळं तुटतात. उरलेल्या मुळांना वरचा सगळा पसारा पोसवत नाही. म्हणून जेवढी मुळं गेली तेवढा...”

ते थांबले.

“तेवढा?”

सरांची नजर वर कळ्यांकडे गेली.

“सर, तेवढा काय?”

“तुम्हाला माहीत आहे!” सर ओरडले. झाडावरचा एक बुलबुल उडाला.

“मला आहे,” माई म्हणाल्या. “तुम्हाला आहे का, ते विचारतेय.”

कुदळ खाली आली. जमिनीवर पडली.



“आठ वर्षं,” सर म्हणाले. आवाज त्यांचा राहिला नव्हता. “रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती याच्याखाली उभी राहायची. ‘आज काही दिसतंय का हो?’ रोज. मी पेपरातून मान वर काढायचो नाही. म्हणायचो, बियांचं आहे, तू पार म्हातारी झालीस की फुलेल... थट्टा करायचो, माई. आणि आता ह्या कळ्या मी कापू? तिची पहिली फुलं? ह्या हातांनी?”

माईंनी मान हलवली नाही. ‘समजतं मला’ असं म्हणाल्या नाहीत.

“मी कापू?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“गड्याला बोलावू?”

“नाही! कुणी हात लावायचा नाही.”

“मग?”

वाऱ्याची एक गरम झुळूक आली. तीन पानं गळाली. एक सरांच्या चपलेवर पडलं. त्यांनी ते उचललं. कडेला लावलेल्या बोटाखाली ते पापडासारखं मोडलं.

सरांच्या कमरेला छाटणीची कात्री होती. निवृत्त झाल्यावरही ती कमरेवरून कधी उतरली नव्हती. त्यांनी ती काढली. उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

पहिली फांदी हातभर लांब होती. तिच्यावर पाच कळ्या होत्या.

कट्.

ती माईंच्या खांद्यावर पडली. माईंनी ती झटकली नाही.

दुसरी. तिसरी. सर घाईघाईने कापत सुटले, दात आवळून, कुणाला तरी शिक्षा करावी तसे. फांद्या माईंच्या मांडीवर, डोक्यावर, चिखलात पडत होत्या. कापल्या हिरव्याचा कडवट वास पसरला.

सर थांबले. कपाळावर घाम होता.

“झालं.”

माईंनी मान वर करून पाहिलं.

“अजून.”

“पुरेसं आहे, माई.”

“अजून, सर.”

त्यांनी शिडी आणली. वरच्या फांद्या कापल्या. पायरीवर उभे असताना त्यांचा पाय एकदा घसरला, सावरला. माई जागच्या उठल्या नाहीत.

शेवटी शेंडा राहिला. शेंड्याशी एकच कळी, पण तिचं टोक उकललं होतं आणि आतून पिवळा रंग दिसत होता. उद्या नाही तर परवा तिचं फूल झालं असतं.

“ही एक राहू दे,” सर म्हणाले.

माई गप्प.

“एकाच फुलाने काय होणार आहे? शास्त्रानेही काही बिघडत नाही. माई... एकच.”

माई गप्प.

“तुम्ही बोला तरी काही! नको म्हणा. कापा म्हणा.”

खाली चिखलात बसलेली ती म्हातारी बाई त्यांच्याकडे नुसती पाहत होती. कळ्यांनी, पानांनी झाकली गेली होती. ती हो म्हणेना आणि नाही म्हणेना.

शिडीवर सर किती वेळ उभे होते, ते त्यांना नंतर कधी सांगता आलं नाही. ऊन डोक्यावरून खांद्यावर उतरलं, एवढं आठवत होतं.

मग कात्री वाजली.

माई हाताचा आधार घेत उठल्या. पाय आखडले होते. त्यांनी ओलं गोणपाट आणलं आणि उरलेल्या उघड्या खोडाभोवती वरपासून खालपर्यंत गुंडाळलं. एक गाठ मारली, मग दुसरी. चाफा आता झाडासारखा दिसतच नव्हता. खांब पुरावा तसा उभा होता.

“घरी जा,” त्या म्हणाल्या. “सव्वा महिना इकडे फिरकायचं नाही.”

“पाणी कोण...”

“मी आहे.”

“निदान फाटकाबाहेरून...”

“बाहेरूनही नाही.”

सर गेले. दोन खोल्यांच्या नव्या जागेत त्यांना अंगण नव्हतं. ते सकाळी उठून खिडकीशी बसायचे. दोनदा ते पुलापर्यंत चालत आले आणि परत गेले.

एकविसाव्या दिवशी फाटकापर्यंत आले. कडीवर हात ठेवला. आत माई विहिरीतून पाणी शेंदत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. पण रहाट थांबला. पोहरा अर्ध्यावर लोंबकळत राहिला.

सरांनी कडीवरचा हात काढला. ते परत फिरले. पुलाकडे जाताना त्यांना मागून रहाटाचा आवाज पुन्हा सुरू झालेला ऐकू आला.

सव्वा महिना पुरा झाला त्या दिवशी ते सकाळीच आले.

गोणपाट तसंच होतं. वर शेंड्याशी काही नव्हतं. एक पान नव्हतं. सर झाडापासून दहा पावलांवर थबकले. पुढे त्यांचे पाय उचलेनात.

“गेलं ना?” ते म्हणाले. “माई, खरं सांगा. गेलं.”

माईंनी वरची गाठ सोडली. मग खालची. गोणपाट हळूहळू उलगडलं.

खोडावर जोंधळ्याच्या दाण्याएवढे डोळे फुटले होते. हिरवे, लवदार. एक, दोन... जुन्या खरवडलेल्या खुणांच्या वर, खाली, बाजूला. नऊ.

सर जवळ आले. अंगठा आपोआप पुढे झाला, सालीपर्यंत पोहोचला. तिथून तो मागे आला. सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

माईंनी ते पाहिलं.

कितीतरी वेळ सर त्या नऊ ठिपक्यांसमोर उभे राहिले. डोळे पुसले, चष्मा पुसला. मग त्यांच्यातला प्राध्यापक हळूच जागा झाला.

“यातले चार ठेवायचे,” ते म्हणाले. “बाकीचे खुडायचे. पावसाळ्यात जोर धरतील. दोन वर्षांत फांद्या होतील...”

“होतील.”

“पण फूल, माई? फूल कधी येईल?”

माई गोणपाटाची घडी घालत होत्या. घडी अर्धवट हातात ठेवून त्यांनी सरांकडे पाहिलं.

“कुणाला दाखवायचंय, सर?”