गोजाबाईचं गप्प राहणं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गढी होती आणि गढीच्या पायथ्याशी एक गाव. त्या गावात गोजाबाई नावाची सुईण राहत असे. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती.

एकदा तिला गढीवरून तातडीचं बोलावणं आलं. आठवा महिना लागतो न लागतो तोच सरदारांची सून बाळंत झाली. मुलगा झाला, पण ओंजळीत मावेल एवढाच. आई तापाने फणफणलेली. तिला बाळाला छातीशी धरवेना. मग गोजाबाई तिचं दूध वाटीत काढून घेई आणि चोचीच्या इवल्याशा भांड्यात, बोंडल्यात भरून बाळाला पाजी.

किती हळू पाजायची ती! बोंडल्याची चोच ओठांना टेकवून वाट बघायची. बाळ दोनतीनदा चोखे, गिळे आणि दमून थांबे. ते थांबलं, की ती बोंडलं बाजूला घेई. त्याची छाती नीट वरखाली होऊ लागली, की मगच पुढचा थेंब. दोन चमचे दुधाला अर्धी सकाळ सरायची.

बाळाची आजी म्हणजे गढीच्या थोरल्या बाई. त्यांचा जीव हे बघून कासावीस होई.

"अगं, अशा पाजण्यानं पोर उपाशी मरेल!" त्या म्हणाल्या.

"बाईसाहेब," गोजाबाई म्हणाली, "पुऱ्या दिवसांचं बाळ चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ पोटातूनच शिकून येतं. ह्याचं शिकणं अर्ध्यावर राहिलंय. आपण थांबलो नाही, तर दूध श्वासाच्या वाटेनं जाईल."

थोरल्या बाईंना ते पटलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच बाळाला मांडीवर घेतलं. त्यांच्या मनात मायाच होती, दुसरं काही नव्हतं. त्यांनी बोंडलं तिरपं केलं आणि दूध सोडलं.

गोजाबाई समोर बसून बघत होती. बाळाने गिळलं. पुन्हा गिळलं. दूध येतच राहिलं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या. इवलीशी बोटं ताठ पसरली. ओठांच्या कडेने दूध ओघळू लागलं.

"बाईसाहेब, जरा श्वास घेऊ द्या त्याला."

"पाच लेकरं वाढवलीत मी. तू मला शिकवणार?"

खोलीत आणखी चार बायका होत्या. त्यातली एक तोंडाला पदर लावून हसली. गोजाबाईची कानशिलं तापली. हात पुढे करावा आणि बोंडलं काढून घ्यावं, असं तिला वाटलं. पण गढीच्या बाईंच्या हाताला सुईणीने हात घालायचा? तिने मान खाली घातली.

"बघ, बोंडलं रिकामं झालं!" थोरल्या बाई आनंदाने म्हणाल्या.

बाळाच्या ओठांभोवती निळसर झाक आली होती. दूध श्वासाच्या वाटेनं गेलं, तरी ते साधं खोकललंही नाही.

दुपारपासून त्याला धाप लागली. वैद्यांनी हात टेकले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाळ गेलं.

थोरल्या बाईंनी अन्न सोडलं. "अपुऱ्या दिवसांचं पोर, आयुष्यच तेवढं," असं जो तो म्हणाला. गोजाबाईला कुणी बोल लावला नाही. उलट लुगडं देऊन तिची पाठवणी केली. निघताना बाळाच्या आईने तिचा हात धरला.

"गोजाबाई, तुम्ही तर तिथंच होता. तुम्हाला काही दिसलं नाही का हो?"

गोजाबाईने हात सोडवून घेतला आणि ती खाली मान घालून गढी उतरली. ते लुगडं तिने कधीच नेसलं नाही.

पुढच्याच वर्षी कुंभाराच्या घरी असंच अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं. तिथेही सासू घाईघाईने बोंडलं ओतू लागली. या वेळी गोजाबाईने तिचं मनगट घट्ट धरलं आणि बोंडलं हिसकावून घेतलं. सासूने तिला शिव्याशाप दिले, "माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस," असं बजावलं. पण तोवर बाळाने श्वास घेतला होता. ते जगलं.

गोजाबाई म्हातारपणी फार तोंडाळ झाली, असं लोक म्हणू लागले. ती ऐकून घेई. गढीवरच्या सुनेला मात्र पुन्हा मूल झालं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला धोका कळतो त्याने संकोचाने गप्प बसू नये, कारण त्याचा संकोच दुसऱ्याच्या जिवावर बेततो.