तांबडदऱ्याची वरात आधी शाळेत जाते

पाव्हणं, वरात वाट चुकलेली नाही. नवऱ्याचं घर मागं त्या वळणावर राहिलं हे खरं, आणि सगळी मंडळी हलगीच्या ठेक्यावर नाचत शाळेकडं निघालीत हेही खरं. आमच्या तांबडदऱ्यात नवी नवरी आधी शाळेत जाते. तिथं दोघं मिळून शाळेचं काहीतरी दुरुस्त करतात, तेव्हा कुठं सासरचं दार उघडतं. चला, चालता चालता सांगतो. आजा सांगायचा ते सांगतो.

फार मागची गोष्ट. शाळा तेव्हाही याच माळावर होती, पण नावाला शाळा. पश्चिमेची भिंत वादळात ढासळली ती तशीच पडून. वारा सुटला की छपराचे वासे करकरायचे. शेळ्या खुशाल आत येऊन रवंथ करायच्या. एकदा पाढे चालू असताना आढ्यावरून साप पडला म्हणे, थेट पोरांच्या मधोमध! आधी मुली यायच्या बंद झाल्या, मग बारकी पोरं. दामोदर मास्तर रोज घंटा द्यायचे आणि दारात वाट बघत उभे राहायचे. गाव म्हणायचं, "आमच्या पोरांना शिकायची गोडीच न्हाई."

अशात रखमाजी पाटलाच्या हैबतीचं लग्न झालं. नवरी गजरा, नदीपलीकडची, मराठी शाळा शिकलेली. त्या काळी केवढी अपूर्वाई! या गावात शाळा आहे एवढं ऐकूनच तिनं स्थळाला होकार दिला, असं सांगतात.

वरात बैलगाडीतून आली. नवरीशेजारी करवली म्हणून हैबतीची धाकटी बहीण काशी बसलेली. माळावर येताच गजरानं विचारलं, "ही पडकी जागा कुणाची गं?"

"शाळा हाय ती, वयनी."

"तू जातीस?"

"जात हुते की. भिंत पडली तवापास्नं न्हाई. छप्पर हलतं, जीव घाबरतो. आन् रस्त्यानं जाणारा येणारा समदा आत बघतो."

गजरानं गाडी थांबवायला लावली. शालूनिशी खाली उतरली, पडक्या भिंतीच्या दगडावर जाऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या शाळंची भिंत उभी राहत न्हाई, तवर मी सासरचा उंबरा ओलांडायची न्हाई."

हलगी थांबली. नवरीच्या मामानं हात जोडले. रखमाजी पाटील तर लालबुंद. "गाडी फिरवा! नवरी जाऊ द्या म्हायेरी!" गाडीवानानं कासरा हातात घेतला. पण फिरवायची कशी? नवरी जागची हलेना.

हैबती अजून गाडीतच होता. तो याच शाळेत अक्षरं गिरवलेला. तो खाली उतरला, अंगरखा काढला आणि ढिगातला एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला.

"आरं, अंगाची हळद निघाली न्हाई अजून!" पाटील ओरडला.

"निघंल घामानं," हैबती म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई, राधाक्का, ओवाळायचं ताट घेऊन तरातरा आली. वरात का आली नाही, ते बघायला. सगळ्यांना वाटलं, आता ही सुनेला फरपटत नेणार. पण काशी गाडीत काय बोलली ते कळताच तिनं आधी लेकीला जवळ ओढलं. "काशे, तू तर म्हणालीस तुला शाळा आवडत न्हाई."

काशीनं मान खाली घातली. "आवडती गं आये. भ्या वाटतं म्हनायची लाज वाटली."

राधाक्कानं ताट दगडावर ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "पाणी आणा. चिखल मी तुडवते."

मग काय सांगू पाव्हणं! आख्खी वरात कामाला लागली. नटलेल्या बायकांनी हंडे आणले, वऱ्हाड्यांनी दगड वाहिले, मास्तर स्वतः छपरावर चढले. हलगीवाल्यानं असा ठेका धरला की दगड उचलणाऱ्यांचे पाय थांबेनात. शेवटी पाटलानंही फेटा काढून ठेवला आणि कोपऱ्याचा दगड बसवला. त्या दिवशी भिंत पुरी होईस्तोवर सूर्य डोंगराआड गेलाच नाही म्हणे. आमची म्हातारी माणसं शपथेवर सांगायची.

भिंत उभी राहिली आणि राधाक्कानं चिखलानं माखलेल्या हातांनी सुनेला तिथंच, शाळेच्या दारात ओवाळलं. "हा उंबरा तुझा," ती म्हणाली. "आता घरच्या उंबऱ्याला चल."

दुसऱ्या सकाळी मास्तरांनी घंटा दिली. सगळ्यांत पुढं काशी. तिच्यामागं गावातली पोरं, वाड्यावस्त्यांवरची पोरं, इतकी, की बसायला जागा पुरेना. गोडी नसलेली पोरं ती हीच!

आजही तांबडदऱ्यात एकही नवरी शाळा चुकवून सासरी गेलेली नाही. कुणी कौलं बदलतं, कुणी खिडकीला जाळी लावतं. काय दुरुस्त करायचं, ते मोठ्यांनी नाही ठरवायचं, पोरांना विचारायचं. आज सातवीच्या मुलींनी सांगितलं, संडासाच्या दाराची कडी तुटलीय, म्हणून आम्ही दुपारी घरी जातो ते परत येत नाही. बघा, नवरीनं बांगड्या मागं सारल्या, स्क्रू पिळायलाही लागली. नवरा नुसता दार धरून उभा आहे.

तुम्ही का थांबलात? पाव्हण्यांना सूट नाही. ती दुसरी कडी घ्या, पलीकडचं दारही बसवायचंय.